रेवास, गाडीच्या आकड्याबद्दल

विलेपार्ले (पूर्व), मुंबई

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझं पुरतं ऐकून घेत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करण्याइतकी माझी बोटं चपळ नाहीत, म्हणून पत्र. वाचून झालं की गाडीच्या फाईलला लाव. दर वर्षी रिन्यूअलच्या वेळी लागणार आहे.

आधी बाबांचं मत कळवून टाकते, म्हणजे माझं कर्तव्य संपलं. त्यांच्या मते पंचवीस वर्षं जुनी, दोन सीटची, डिकीत धड भाजीची पिशवी न मावणारी गाडी साडेसहा लाखांना घेणं हा वेडेपणा आहे. माझं मत तसं नाही. सॅन स्टॉर्म मी पहिल्यांदा बघितली ती मरीन ड्राइव्हला, नवीन निघाली होती तेव्हा. बंगळुरूच्या कंपनीची, फायबरग्लासच्या अंगाची, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची, चपटी आणि आगाऊ दिसणारी गाडी. आपल्या देशात असं काही कुणी बनवतं याचंच तेव्हा नवल वाटलं होतं. म्हणून म्हणते, आता तू घेतलीस ते बरं केलंस. आता तिचा विमा नीट घे. अख्खी नोकरी मोटर क्लेम्समध्ये काढलेल्या बाईची मुलगी आहेस, एवढं तर व्हायलाच हवं.

तुझा प्रश्न होता की ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’, म्हणजे आधीच ठरवून घेतलेली भरपाईची रक्कम, मिळेल का. एजंट नाही म्हणाला. तो खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला.

तू जे वाचतेस ते अमेरिकेतलं आहे. तिथे हौसेच्या, संग्रहातल्या गाड्यांसाठी वेगळ्या पॉलिसी असतात. सुरुवातीलाच मालक आणि कंपनी मिळून एक रक्कम ठरवतात. गाडी चोरीला गेली किंवा पार चुराडा झाली तर ती रक्कम घसारा न कापता मिळते. बदल्यात अटी असतात: गाडी रोजच्या वापराची नको, रोजच्यासाठी दुसरी गाडी असायला हवी, रात्री ती कुलूपबंद गॅरेजात हवी, वर्षाकाठी मोजकंच चालवायची. आणि तिथेही ‘स्टेटेड व्हॅल्यू’ नावाचं एक फसवं प्रकरण आहे. ऐकायला अगदी तसंच वाटतं, पण त्यात मालकाने सांगितलेली रक्कम आणि त्या दिवशीचा बाजारभाव यांपैकी जी कमी असेल ती देण्याची मुभा कंपनी सहसा स्वतःकडे ठेवते. तिथली माणसंसुद्धा यात फसतात, मग तू गोंधळलीस तर नवल नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं. २००२च्या जुलैपासून लागू झालेल्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, अशी ठरीव रकमेची पॉलिसी द्यायला मनाई होती. अपवाद फक्त विंटेज गाड्यांचा, आणि विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४०पूर्वी बनलेली, शिवाय विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणपत्र दिलेली गाडी. म्हणजे संस्थानिकांच्या रोल्स रॉइस वगैरे. २०२१ साली केंद्राने नोंदणीसाठी विंटेजची वेगळी व्याख्या केली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर. तुझी आरसी २००१ची आहे. त्या हिशेबाने २०५१ साली तुझी गाडी विंटेज होईल. तोवर क्लेमचे कागद तुझे तूच बघायला शीक.

२००७नंतर प्रीमियमचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, पण पॉलिसीची भाषा बरीचशी त्या टॅरिफचीच राहिली. आणि त्या भाषेतच तुझ्या कामाची गोष्ट आहे. पॉलिसीवर आयडीव्ही (इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू) नावाचा आकडा असतो, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. नव्या गाडीला तो तक्त्याने ठरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि चौथं सरून पाचवं वर्ष चालू असलं की ५०. तिथे तक्ता संपतो. पाच वर्षांपुढच्या गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेल्स यांचा आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. एकदा ठरला की पॉलिसीच्या वर्षभरात टोटल लॉससाठी, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार गेली तर, तोच बाजारभाव धरायचा, त्यातून आणखी घसारा कापायचा नाही.

आता सांग, तुला आणखी काय हवं होतं? वय आणि बंद मॉडेल, दोन्ही कलमांत तुझी गाडी बसते. नाव अ‍ॅग्रीड व्हॅल्यू नसलं तरी टोटल लॉसपुरतं काम तेच होतं. फक्त आकडा आधी भांडून घ्यावा लागतो, आणि हल्ली भांडायला समोर माणूसच नसतो. वेबसाइटवर एक पट्टी सरकवायची, ती जिथे अडेल तो आयडीव्ही. तुझ्यासारख्या गाडीला ती पट्टी कामाची नाही. म्हणून ऑनलाइन पॉलिसी घ्यायची नाही, हे मी आत्ताच लाल शाईने लिहून ठेवते.

आधीच्या मालकाची पॉलिसी तू पाठवलीस ती बघितली. आयडीव्ही साठ हजार. तू म्हणालीस, “चोरीला कोण नेणार आई ही गाडी, सगळ्या मुंबईत उठून दिसेल. आकडा कमी तर कमी, प्रीमियम तरी वाचेल.” तिथेच तू चुकतेयस. हा आकडा चोरीच्या दिवसापेक्षा साध्या अपघाताच्या दिवशी जास्त नडतो.

पॉलिसीत लिहिलेलं असतं की दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा, पॉलिसीच्या अटींप्रमाणे येणारा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरायची. साठ हजाराचे ७५ टक्के म्हणजे पंचेचाळीस हजार. समज, एसव्ही रोडला एखाद्या टेम्पोने तुझं नाक ठोकलं. बॉनेट आणि पुढचा बंपर मिळून फायबरचं काम वीस हजार, आतल्या लोखंडी पट्ट्या सहा हजार, मजुरी दहा हजार, पेंटिंग चोवीस हजार. बिल साठ हजार. आता सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, बसून कापतो: फायबरग्लासवर सरसकट ३० टक्के, म्हणजे सहा हजार. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के, तीन हजार. पेंटिंगचं एकत्र बिल असेल तर त्यातला पाव भाग रंगाचा माल समजतात आणि त्याच्या निम्मे कापतात, आणखी तीन हजार. मजुरीला हात लावत नाहीत. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचा एक्सेस, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा भाग, एक हजार. कंपनीच्या वाट्याला सत्तेचाळीस हजार आले.

सत्तेचाळीस पंचेचाळीसपेक्षा जास्त. झाली गाडी टोटल लॉस! इंजिन धडधाकट, चासी सरळ, फक्त नाक फुटलंय, आणि कागदावर ती भंगार. कंपनी साठ हजारातून एक्सेस वजा करून चेक देईल आणि गाडी घेऊन जाईल. नाहीतर सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, किंमत कापून उरलेले देईल आणि गाडी तुझ्याकडे राहू देईल, पण तेव्हाही आरसी रद्द करून आणा असं बहुतेक वेळा सांगतात. साडेसहा लाखांची गाडी एका टेम्पोपायी रस्त्यावरून कायमची उतरली.

हेच आयडीव्ही सहा लाख असेल तर? सीमा साडेचार लाखांवर जाते. तोच अपघात साधा दुरुस्तीचा क्लेम ठरतो, सत्तेचाळीस हजार गॅरेजला मिळतात, तेरा हजार तू भरतेस आणि महिन्याभरात गाडी परत रस्त्यावर. दोन्ही वेळा कंपनीने मोजलेली दुरुस्ती सत्तेचाळीस हजारांचीच. म्हणून मी म्हणते, तुझ्या गाडीची दुरुस्ती होणार की लिलाव, हे पॉलिसी छापली जाते त्या दिवशीच ठरतं.

२६ जुलैच्या पुरानंतरचे आमचे दिवस तुला आठवत नसतील, तू लहान होतीस. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ऑगस्टभर फोर्टच्या आमच्या ऑफिसात चिखलाचा वास होता. लोकांची आरसी बुकं भिजलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. आम्ही ती टेबलफॅनखाली पसरून, वर स्टेपलर नाहीतर पंचिंग मशीन ठेवून वाळवायचो. तेव्हा माटुंग्याचे एक गृहस्थ आले, काळ्या कॉन्टेसाचे मालक. आयडीव्ही चाळीस हजार, कारण एजंटने दर वर्षी थोडा थोडा उतरवत आणला होता आणि यांनी प्रीमियम कमी झाला म्हणून दर वर्षी त्याचे आभार मानले होते. सीट, वायरिंग, कार्पेट, सगळं मिळून एस्टिमेट सीमेच्या वर गेलं. ते एकच म्हणत होते, “मॅडम, मला पैसे नकोत, दुरुस्त करून द्या.” आणि पॉलिसीत त्याला जागा नव्हती. शेवटी सॅल्व्हेज वजा करून थोडे पैसे आणि गाडी, असं घेऊन गेले. भांडले नाहीत. भांडणारी माणसं परवडतात ग.

आता आकडा किती लावायचा. तू दहा लाख म्हणतेस, कारण कुणीतरी तशीच गाडी दहाला विकायला काढलीय. मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. ती दहाला विकली गेल्याचा कागद आण, मग बोलू. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही. उद्या ही गाडी दुर्मीळ होऊन भाव चढेल या आशेचा विमा कुणी उतरवत नाही आणि उतरवूही नये. उगाच फुगवलेल्या आकड्यावर चोरीचा क्लेम आला की पहिला संशय मालकावर जातो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगतेय. सहा लाख माग. तू साडेसहा मोजलेस, त्याच्या आसपासचा आकडा कागदांनी सिद्ध होतो, आणि अंडररायटर (कंपनीत विमा मंजूर करणारा अधिकारी) मान डोलावेल. पुढच्या वर्षी बाजार चढला तर वाढवून माग, तेव्हाही कागद घेऊन.

कागदांवरून आठवलं. ज्यांच्याकडून गाडी घेतलीस त्या ठाण्याच्या डॉक्टरांना सगळे पैसे बँकेतून दिलेस ना? ते म्हणत होते तसं अर्धे रोख दिले असतील तर रोख भाग या जगात घडलाच नाही असं समज. कंपनीला तुझी गाडी सव्वातीन लाखांचीच दिसणार. विक्रीच्या करारावर पूर्ण रक्कम हवी. त्याशिवाय एखाद्या स्वतंत्र, परवानाधारक सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट करून घे. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, रंगाची स्थिती आणि उजेडात काढलेले फोटो हवेत: चारी बाजू, आतून, इंजिन, खालून. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी इंजिन उघडलं त्याची बिलं माग. माणूस नीटनेटका दिसतो, त्याने ती ठेवलेली असणार.

प्रीमियमचं म्हणशील तर जुन्या टॅरिफचा दर मला अजून पाठ आहे. मुंबई ए झोनमध्ये, दहा वर्षांवरची, हजार ते पंधराशे सीसीची गाडी: ३.५२९ टक्के. साठ हजारावर एकवीसशेच्या घरात, सहा लाखांवर एकवीस हजारांच्या वर. हल्ली कंपन्या यावर सूट देतात, तेव्हा प्रत्यक्षात कमी बसेल. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, भाग सरकारी दराचा, आयडीव्ही काहीही असला तरी तोच. वर तुझा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, आहेच! गेल्या वर्षी स्विफ्ट विकलीस तेव्हा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घे म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. ते पत्र तीन वर्षं चालतं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे डॉक्टरांचा बोनस तुला मिळणार नाही पण तुझा तुला मिळेल. शोध ते पत्र. बहुतेक नाशिकच्या खोलीवर, तुझ्या त्या निळ्या फोल्डरमध्ये असेल.

आणि घाई कर. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी कव्हर आपोआप तुझ्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. पण डॉक्टरांची पॉलिसी नावावर करून घेतलीस तर तो साठ हजारही सोबत येईल, आणि मधेच आकडा वाढवायला कंपन्या टाळाटाळ करतात. त्यापेक्षा तुझ्या नावाने नवीनच पॉलिसी काढू. इन्स्पेक्शन होईल, होऊ दे. त्यांचा माणूस फोटो काढून जातो हा आपला फायदाच आहे.

झिरो डेप, म्हणजे दुरुस्तीत घसारा न कापण्याचं जादा कव्हर, विचारू नकोस, एवढ्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर, इंजिन प्रोटेक्ट, तेही बहुतेक मिळणार नाही, आणि ते न मिळणं मला जास्त सलतंय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला, इंजिनात पाणी खेचलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर तो ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ म्हणून साध्या पॉलिसीतून बाहेर ठेवतात. ही गाडी जमिनीपासून वीतभर वर. जून ते सप्टेंबर मिलन सबवेकडे फिरकायचं नाही, वरून पूल आहे तिथून जायचं. अडकलीसच तर किल्ली फिरवायची नाही, धक्का मारून बाजूला घ्यायची आणि टोइंगला फोन करायचा.

आणखी एक. तुझा तो मित्र गाडी गोरेगावला शूटिंगसाठी मागतोय, दिवसाचे पैसे देऊन. अजिबात नाही. खाजगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. सेटवर कुणी ठोकली तर कंपनी हात वर करेल आणि ती बरोबर असेल. शर्यत, स्पीड टेस्टिंग यांचंही तसंच. नुसतं रांगेत उभं राहून लोकांना गाडी दाखवायची असेल तर खुशाल जा, पण रॅली असं नाव असेल तर आधी कंपनीकडून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी परवानगी, घे. आरसी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, तिची तारीख बघ. संपलेल्या आरसीवर क्लेम आला की कंपनीला आयतं कारण मिळतं. रुंद टायर आणि नवे अलॉय तुला लावायचेच असतील तर प्रपोजल फॉर्मवर लिहून लाव.

पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावर दोन गोष्टी बघ: आयडीव्ही सहा लाखच आहे ना, आणि चासी नंबर अक्षर न् अक्षर जुळतो ना. फायबरच्या गाड्यांत नंबरची पट्टी कुठे आहे हेच इन्स्पेक्शनवाल्यांना सापडत नाही, मग ते आरसीवरून उतरवून घेतात. तू स्वतः सोबत उभी राहून दाखव.

गुरुवारी दुपारी चारला आमच्या ऑफिसातले जुने डेव्हलपमेंट ऑफिसर घरी येतायत. आता दुसऱ्या कंपनीचं काम बघतात, पण अंडररायटरशी समोर बसून बोलणारा माणूस हवा आणि ते तसे आहेत. बुधवार रात्रीपर्यंत करार, बँकेचं स्टेटमेंट, एनसीबीचं पत्र आणि इंजिनची बिलं स्कॅन करून पाठव. फोटो शनिवारी तू आलीस की गच्चीखालच्या मोकळ्या जागेत काढू. वॉचमनला सांगून तिथली स्कूटर हलवून घेते.

तुझी,
आई